हापशीवाले पिंपळखुटे

माणसाची एक ठसठशीत ओळख असली पाहिजे, असं माझ्या मुलीनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी दाढी अर्धी टाकून फोनला आलो होतो. एका गालावर फेस आणि दुसरा गाल गुळगुळीत, अशा अवस्थेत स्वतःच्या ओळखीबद्दल फार ठाम काही बोलता येत नाही. ऋता पुण्याला एका कंपनीत नोकरीला होती. तिथे दोन दिवस कुणी बाई येऊन त्यांना शिकवून गेल्या होत्या की हल्ली माणूस म्हणजे साबणाची वडी. वडी चांगली असून भागत नाही, वरच्या कागदावर नाव पाहिजे आणि ते लांबून वाचता आलं पाहिजे.

"बाबा, ऑर्कुटवर तुमचं खातं उघडलंय मी," ती म्हणाली. "पण नुसतं खातं उघडून नाही चालत. लोकांना एका ओळीत समजलं पाहिजे की आप हो कौन."

मी कोण, हा प्रश्न मला पन्नास वर्षांत कुणी विचारला नव्हता. पाणीपुरवठ्याच्या सरकारी खात्यात मी सव्वीस वर्षं उपयंत्री होतो, आणि गुणाकर पिंपळखुटे हे माझं नाव मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या हिंदी कारकुनांनी पिंपलकुटे, पीपलखूंटे आणि एकदा तर 'श्री पिंपल' असंही लिहिलेलं होतं. तेव्हा ओळखीची गरज होती हे मान्य करावं लागेल.

सन दोन हजार सात. आमच्या गल्लीत त्या काळी इंटरनेट म्हणजे भोजराज बिसेन. हे निवृत्त पटवारी, म्हणजे तलाठी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी तीन कॉम्प्युटर मांडले होते. हयातभर लोकांची शेतं मोजलेला माणूस निवृत्त झाल्यावर लोकांची पत्रं वाचायला लागला होता. तुम्ही खुर्चीवर बसलात की ते पाठीमागे उभे राहत, आणि तुमच्या आधी वाचून हसत. मी 'स्वतःविषयी' या चौकटीत तीन पानं लिहून नेली. त्यात माझं कूळ, शिक्षण, आहार आणि राष्ट्रभाषेसंबंधीचे विचार होते.

"भाईसाब, इतना तो जमिनीच्या खसऱ्यातही नाही लिहित," भोजराज म्हणाले. "एक लाइन पाहिजे, दमदार."

मी घरी येऊन अलकनंदेला विचारलं. ती गव्हातले खडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा, दहाले येतो म्हणतात अन् बाराले येतात."

बायकोकडून प्रेरणा घेऊ नये, असं थोरामोठ्यांनी कुठेतरी म्हटलं असेलच. शेवटी ऋतानंच विचारलं, "बाबा, ऑफिसात रोज काय करता?" मी म्हटलं, हापशा. जिल्ह्यातल्या प्रत्येक हापशीचा कागद माझ्या टेबलावरून जातो. ती ओरडलीच, "बस! हेच! हापशीवाले पिंपळखुटे! खाली लिहा: हापशी बंद? विचारा पिंपळखुट्यांना."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती तेव्हा मी ऋताला सांगितली नाही. सव्वीस वर्षांत मी एकही हापशी उघडलेली नव्हती. हापशी उघडते हे मला माहीत होतं. कुठून उघडते, हे नव्हतं. खोली, पाइपांची संख्या, बसवल्याची तारीख हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण खऱ्या हापशीशी माझा संबंध तहान लागली तर तेवढाच.

आता ओळख ठरली म्हणजे फोटो आला. रविवारी भोजराजांचा कॅमेरा घेऊन आम्ही लामत्याच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत गेलो. तिथली हापशी बिघडलेली होती आणि आमच्या खात्याचा हिरालाल मेश्राम ती दुरुस्त करत होता. हिरालाल चौदा वर्षं खात्यात रोजंदारीवर होता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'मजूर' लिहिलेलं असे, काम मात्र मेकॅनिकचं. जिल्ह्यातल्या बायका हापशी बंद पडली की खात्याचं नाव घेत नसत, हिरालालचं घेत. मी लग्नातला कोट घालून गेलो होतो. त्याच्या हातातला मोठा पाना मागून घेतला आणि हापशीशेजारी उभा राहिलो.

"साहेब, उलटा धरला," हिरालाल हळूच म्हणाला.

पाना सुलटा केला. मग भोजराजांना सूर्य पसंत पडेना. मग माझी हनुवटी. पंधरा-वीस बाया पाण्याचे गुंड घेऊन उभ्या. त्यांतली एक जिजाबाई नावाची म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "काहो, तुमी फोटू काढाले आले का पानी काढाले?"

मी हनुवटी वर ठेवली आणि भोजराजांनी बटण दाबलं.

फोटोत माझ्यामागे वाकलेला हिरालाल आला होता. भोजराजांनी तो कॉम्प्युटरवर कापून काढला. पटवारी असल्यामुळे कापाकापीत त्यांचा हात बसलेला होता, पण बांधावरचा थोडा तुकडा इकडेतिकडे होतोच. हिरालालचं सगळं गेलं, उजवा हात राहिला. तो माझ्या कोटाच्या खालून निघून हापशीचा बोल्ट पिळत होता. आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. फोटो चढवला आणि दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या कुणा मुलीचा पहिला संदेश आला: "अंकल, आपके तीन हाथ हैं क्या?"

माझी प्रतिमा ही अशी सुरू झाली. पण सुरू झाली! तीन हातांचा माणूस बघायला लोक यायचे आणि खालची ओळ वाचायचे. आठवड्यात खराखुरा प्रश्न आला. सुरतला नोकरीला असलेला, मूळचा वाशीमकडचा एक तरुण होता. त्याच्या गावातली हापशी बारा-पंधरा झटके मारल्याशिवाय पाणी देत नव्हती. आई म्हातारी, तिचा खांदा भरून येतो, काय करावं?

मी हा प्रश्न कागदावर उतरवून दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या दारात हिरालालला गाठलं. सहज विचारतोय असा चेहरा करून विचारलं.

"उपसून ठेवलं अन् लगेच पुन्हा मारलं त येते का पटकन?" त्यानं उलट विचारलं.

मी पुन्हा सायबरमध्ये, पुन्हा सुरत, पुन्हा स्टोअर. हौ, लगेच मारलं तर येतं.

"मंग पाइप चांगला हाये. खालचा वाल धरून नाही राह्यला, पानी उतरून जाते. वाल अन् वायसर बदला म्हना. अन् त्या मायले म्हना, तोवर दुसरीचा आखरी गुंड भरला की लगेच आपला लाव. पानी खाली उतराच्या आधी."

यातलं शेवटचं वाक्य मला सुचलं नसतं. खात्यातल्या कुणालाच सुचलं नसतं. ते कोणत्याही पुस्तकात नव्हतं, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांनी त्या बाईच्या खांद्याचा विचार केलेला नसतो. मी ते सगळं, वालाचा व्हॉल्व्ह आणि वायसरचा वॉशर करून, शुद्ध भाषेत टाकलं. चार दिवसांनी सुरतहून उत्तर आलं: आई तुमच्या पाया पडते म्हणाली. मी ते तीनदा वाचलं आणि पाया पडून घेतलं.

मग रांगच लागली. बैतूल, राजनांदगाव, गोंदिया, यवतमाळ. शहरात राहणारी पोरं आणि गावातल्या हापशा. मी सकाळी प्रश्न नेत असे आणि संध्याकाळी उत्तर टाकत असे. दांडा हलका लागतो? सळई तुटली. दांडा वर येताना झटका देतो? साखळी खेचली गेली. कुणी लिहिलं की आमची हापशी कण्हते, तर हिरालाल विचारी, "खाली जाताना का वर येताना?" आणि डोळे मिटून तो आवाज मनातल्या मनात ऐके. दीडशे कोसांवरच्या, कधी न पाहिलेल्या हापशीचं दुखणं तो असं सांगायचा की मी पेन घेऊन उभा राहायचो आणि लिहायचं विसरायचो.

मनातून मी थक्क होत होतो. बाहेरून मात्र मोठा होत होतो. चालणं संथ झालं. कुणी नमस्कार केला तर मी क्षणभर थांबून मग तो घ्यायचो. भोजराजांनी माझा तीन हातांचा फोटो दुकानाच्या दारावर चिकटवला होता, आणि खाली 'हमारे नियमित ग्राहक' असं लिहिलं होतं.

तिथूनच तो वर पोचला असावा. एके दिवशी माझ्या टेबलावर नोटीस आली. शासकीय हापशीसह व शासकीय पान्यासह विनाअनुमती छायाचित्र काढून प्रसारित केल्याबद्दल कारण विचारलं होतं. ते मी समजू शकत होतो. पण दुसरा मुद्दा असा होता: "उक्त छायाचित्र में दृष्टिगोचर तृतीय हस्त किसका है, तीन दिवस के भीतर स्पष्ट करें।"

सव्वीस वर्षांत माझ्यावर नोटीस नव्हती. मी घाबरलो. हिरालालचं नाव लिहावं, तर मजुराचा हात हापशीच्या बोल्टावर कसा, हा पुढचा प्रश्न आला असता. शिवाय उत्तरं कुणाची, हेही निघालं असतं. खरं सांगायचं तर दुसरीच भीती मोठी होती. मी लिहिलं: "तृतीय हस्त मुद्रण की त्रुटि है।"

सरकारी कचेरीत गुप्त कागदाइतकं मोठ्यानं काहीच वाचलं जात नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टोअरपाशी गेलो तर हिरालाल वाशरांची पेटी लावत होता.

"साहेब, मी छपाईची चूक हाओ म्हंते," तो म्हणाला आणि हसला.

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी काहीतरी पुटपुटलो. त्यानं हात पुढे केला, "आना, आजचा सवाल काय हाये?" आणि माझा कागद घेऊन नेहमीसारखं उत्तर सांगितलं. त्या दिवशी मी अक्षर वाईट काढलं.

याच सुमारास वारासिवनीजवळच्या एका गावातून बोलावणं आलं. तिथल्या नागपुरात नोकरी करणाऱ्या तरुणांनी गावच्या शाळेत कार्यक्रम ठेवला होता. प्रमुख पाहुणे: हापशीवाले पिंपळखुटे. शाल, श्रीफळ, मानपत्र. आणि शाळेची हापशी पंधरा झटक्यांशिवाय पाणी देत नाही, तर सरांनी आपल्या तीन हातांनी सर्वांसमक्ष दुरुस्त करावी, अशी प्रेमाची विनंती.

"हिरालालले घेऊन जा," अलकनंदा म्हणाली.

"रविवारी त्याला कशाला त्रास?" मी म्हणालो. वास्तविक मला त्याच्याकडे काही मागायचं तोंड उरलं नव्हतं. आणि एकशे सतरा उत्तरं लिहिल्यावर आपल्यालाही थोडंफार येत असेल, असं वाटायला लागलं होतं. पाककृती लिहून घेतली म्हणजे स्वयंपाक येतो, अशी पुरुषांची एक समजूत असते.

रविवारी मी, अलकनंदा आणि भोजराज गेलो. शाळेच्या पटांगणात सतरंज्या, माइक, सगळं गाव. हापशीजवळ शेवंताबाई उभ्या होत्या. त्या पोरांची खिचडी शिजवत. त्यांनी बादली पुढे केली, "पाहा साहेब, थोडं थोडं येते." पंधरा झटक्यांनंतर खरंच पाणी आलं. मी गंभीरपणे "वाल" म्हणालो. गर्दीतून कौतुकाचा आवाज आला. मी कोटाच्या बाह्या मागे सारल्या.

झाकण उघडलं. हे मला साधलं आणि मीच चकित झालो. आत साखळी दिसली. मी साखळीचा बोल्ट फिरवायला लागलो. समोर एक तरुण माझ्या उत्तरांचे छापील कागद हातात घेऊन उभा होता. तो अदबीनं म्हणाला, "सर, आपनेच तो लिखा था ना, साखळी खोलने से पहले रॉड को पकड में—"

बोल्ट निघाला. सळई सर्रकन खाली गेली. जमिनीच्या पोटात कुठेतरी लांब ठण्ण असा आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मी दांडा हलवला. तो पाळण्यासारखा हलला. पाणी पंधरा झटक्यांनी आलं नाही, पन्नासांनी आलं नाही. मी कोट काढला आणि आणखी हलवला.

"साहेब," शेवंताबाई म्हणाल्या, रागानं नाही, "थोडं थोडं तरी येत होतं. आता उद्या पोराइसाठी पानी कुठून आनू? विहीर शेताच्या पल्याड हाये."

मी आजारी हापशी मारून टाकली होती, तीही माइकसमोर. भोजराज मला हिंदीतून धीर देत होते. अलकनंदेनं त्यांच्या खिशातून मोबाइल काढून घेतला आणि हिरालालच्या शेजाऱ्याकडे फोन लावला. मला ऐकू येत होतं. "हिरालालभाऊ, मी अलकनंदा बोलून राहिली. ह्यांनी सळई पाडली." एवढंच. सव्वीस वर्षांच्या सेवेचा इतका नेमका गोषवारा मी कुठे वाचलेला नाही.

सव्वा तासानं बस आली आणि हिरालाल खांद्यावर गोणपाटाची पिशवी टाकून उतरला. तो माझ्याकडे पाहील या भीतीनं मी मानपत्राकडे पाहत होतो. तो माझ्याकडे आला नाही, हापशीकडे गेला. आत डोकावला आणि म्हणाला, "पाइप किती असतीन हिच्यात?"

"अकरा," मी म्हणालो. ते माझ्या रजिस्टरात होतं. "एकशे दहा फूट. शहाण्णव साली बसवली."

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "बरं झालं सांगतलं साहेब. नाही त अंदाजातच दुपार गेली असती."

मग त्यानं जाड तार काढली, टोकाला फास वळवला आणि ती पाइपात सोडली. तारेवर एकच बोट ठेवलं आणि डोळे मिटले. माइकवाल्यानं गाणं लावलं होतं. हिरालालनं डोळे न उघडता हात वर केला आणि माइकवाल्यानं ते बंद केलं. सगळं गाव त्या बोटाकडे पाहत होतं. बोट जरासं हललं, थांबलं, पुन्हा हललं. "सापडली," तो म्हणाला. डॉक्टर नाडी सापडल्यावर म्हणेल तसं.

सळई वर आली. मग वाल बदलायला अकराही पाइप काढायचे होते. गावातले गडी धावले. हिरालालनं प्रत्येकाला जागा वाटून दिली आणि मला हाक मारली, "साहेब, तुमी इथं धरा. सोडू नोका." मी धरला. दोन तास मी फक्त धरण्याचं काम केलं. चिखल सदऱ्यात गेला, तळव्यांची साल निघाली, आणि एकदाही सोडला नाही. नोकरीतलं हे माझं सर्वांत चांगलं काम असावं.

शेवटी त्यानं शेवंताबाईंना बोलावलं. "मारा." पहिला झटका. दुसऱ्याला पाणी आलं, जाड, बादलीत धबाधबा. शेवंताबाईंनी त्यातलं ओंजळभर तोंडावर मारलं आणि हसल्या.

मी माइकपाशी गेलो. म्हणालो, "ऑर्कुटवर जे वाचलंत त्यात अक्षर माझं आहे, अक्कल हिरालाल मेश्राम यांची. फोटोतला तिसरा हातही त्यांचाच." पुढे एक सुंदर वाक्य ठरवलं होतं, ते राहू दिलं आणि माइक सोडला.

आयोजकांची पंचाईत झाली. शाल एकच होती. "तो फिर शाल किसको?" एक जण दुसऱ्याला विचारत होता. ती अलकनंदेनं घेतली आणि हिरालालच्या हातांचं ग्रीस लागू नये म्हणून कोपरं वर धरायला सांगून त्याच्या खांद्यावर घातली. लोकांनी आग्रह केला, दोन शब्द बोला. हिरालाल माइकपाशी गेला, खाकरला. "वायसर दर साली बदलत जा," म्हणाला आणि खाली बसला.

सोमवारी मी दुसरं उत्तर लिहिलं: "पूर्व उत्तर निरस्त माना जाए। तृतीय हस्त श्री हिरालाल मेश्राम का है। शेष दो हस्त उस समय किसी काम में नहीं थे।" मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात अजून आहे आणि मी ती पाहुण्यांना दाखवतो. ऋतानं ऑर्कुटच्या पानावरचं नाव बदलून हिरालालचं केलं आणि फोटो पुरा लावला. मीही सुटलो.

पण मजूर हापशी कशी दुरुस्त करतो, हा प्रश्न वर गेला होता, आणि तो खाली यायच्या आत मी एकशे सतरा उत्तरांचे कागद बांधून हिरालालच्या पक्क्या नोकरीच्या मागे लागलो. या टेबलावर, त्या टेबलावर. एका साहेबांना उत्तरं हिंदीत पाहिजे होती, दुसऱ्यांना तीन प्रतींत. भोजराज छापत गेले आणि दर पानागणिक वाचून मान डोलवत गेले. आठ महिने लागले. शेवटी आदेश निघाला: हिरालाल मेश्राम, हातपंप तंत्रज्ञ, नियमित पदावर.

आदेश हातात पडला तेव्हा तो रामपायलीकडच्या एका गावात कामावर होता. मला दुसऱ्या दिवसापर्यंत धीर निघेना. स्कूटर काढली आणि गेलो. हापशीभोवती बाया उभ्या, मधे हिरालाल गुडघ्यावर.

"हिरालाल, आदेश आला!"

"माहे हात भरले हायेत साहेब. वाचून दाखवता का?"

मी चष्मा लावला. बायांनी गुंड खाली ठेवले. मी क्रमांक वाचला, दिनांक वाचला, संदर्भ वाचला. बायांनाही ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं वाचत होतो. "...को एतद्द्वारा, तत्काल प्रभाव से..."

"थांबा साहेब," तो म्हणाला. त्यानं कान पाइपाला लावला होता आणि डोळे मिटले होते. "जरा बोलू नोका. पानी चढून राह्यलं."

मी कागद छातीशी धरला. बाया, मी आणि शासनाचा तो आदेश, सगळे श्वास धरून उभे राहिलो.